काकीची बाहेरगावची ऑर्डर

परळच्या हॉस्पिटलांसमोर टॅक्सी मिळणं मुळातच कठीण. त्यात काकी बरोबर असली तर मिळालेली टॅक्सीसुद्धा लगेच हलायची नाही. मी लाइट आणि बॅगा मागच्या सीटवर कोंबत असायचे, आणि काकी तोवर ड्रायव्हरला खाली उतरवत असायची.

"भैया, नीचे आओ जरा. गाडी के आगे खडे रहो. अरे वैसा नहीं, थोडा बाजू में, नंबर दिखना मंगता है. हां. अभी हसो."

मागे बस हॉर्न मारत असायची, पुढे हवालदार हातवारे करत असायचा आणि मधे आमचा ड्रायव्हर हात बांधून उभा. हसा म्हटल्यावर हसतोय कुठला, घाबरलेला असायचा बिचारा. मग काकी त्याला गाव विचारायची, मुलं किती विचारायची, धाकट्याचं नाव विचारायची. धाकट्याचं नाव घेताना माणूस हसतोच, तेवढ्यात क्लिक. फोटो ताबडतोब दोन फोनवर जायचा. एक तिच्या मुलीच्या, सईच्या, आणि एक माझ्या. मी तिच्या शेजारी बसलेली असायचे, तरी माझ्या. "तू मधेच उतरलीस तर?" हे त्यावर तिचं उत्तर.

"ज्याचा फोटो आपण मन लावून काढलाय, तो माणूस आपल्याशी वाईट वागत नाही," हे काकीचं बायकांच्या सुरक्षिततेबद्दलचं मुख्य सूत्र. त्यात किती तथ्य ते देव जाणे. पण माझ्यादेखत तिच्याशी कुठला ड्रायव्हर वाकडा वागला नाही, उलट प्रिंट मागायला दुकानात यायचे. एक तरुण ड्रायव्हर तर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. टॅक्सीसमोरचा फोटो त्याने गावी पाठवला होता आणि त्यावर त्याचं लग्न ठरलं होतं.

"गाडी सेठ की है, ये बताया क्या उनको?" काकीने विचारलं.

तो पेढ्यांकडे बघायला लागला.

दुकान चिंचपोकळीला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, एका चाळीच्या तळमजल्यावर. काकीच्या मामाचा पासपोर्ट फोटोचा गाळा तो. मामा गेल्यावर तिने तो चालवायला घेतला आणि हळूहळू कुटुंबांचेच फोटो काढायला लागली. बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, आजोबांची पंचाहत्तरी. लग्नं घ्यायची नाही. "लग्नात सगळे खोटं हसतात आणि फोटोग्राफरला जेवायला शेवटी बसवतात." मी नायगावची, बी.कॉम. झालेली, तिच्याकडे कॉम्प्युटरवर आल्बम लावायला आले ते बँकेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत. निकाल लागला, मी नापास झाले आणि तिथेच राहिले. पहिल्या आठवड्यात मी तिला अहो-जाहो करत होते. "अहो काकी कसलं गो? मी काय तुझी सासू?" असं तिने खडसावल्यावर अगं-तुगं सुरू झालं. गिऱ्हाइकं मॅडम म्हणायची आणि अख्खी चाळ काकी म्हणायची.

बुटकी, ठसठशीत बाई. साडी, पायात बूट आणि साडीवर ढीगभर खिशांचं एक जाकीट. त्या खिशांत खुळखुळा, सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, लिमलेटच्या गोळ्या आणि रडक्या बाळासाठी स्टीलचा एक चमचा. बाळ कुठलंही असो, खेळण्यापेक्षा चमच्याला भुलतं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के खरं निघायचं. बोलणं साधं मुंबईचं, पण राग आला की थेट मालवण. "गप रव गो, माका शिकव नको," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही आल्बम लावताना एखादा फोटो उचलून दुसरीकडे ठेवला की कानात वाजतं.

तिच्या फोटोत कोण कुठे बसणार हे वयावर किंवा मानपानावर ठरत नसे. आधी तोंडी परीक्षा. बाळाच्या डॉक्टरांचं नाव काय? पुढची लस कधी आहे? झोपताना त्याला कुठलं पांघरूण लागतं? उत्तरं आली तर पुढची रांग आणि बाळ मांडीवर. नाही आली तर मागे, उभ्याने. दादरला एका घरी बाळाचे वडील मोठे साहेब होते. त्यांनी तिन्ही प्रश्नांना बायकोकडे बघितलं. काकीने त्यांना मागच्या रांगेत दोन भाच्यांच्या मधे उभं केलं. साहेब म्हणाले, "मॅडम, मी फादर आहे." काकी म्हणाली, "हो का? मग वाकू नका, सरळ उभे राहा."

एकदा हा नियम तिच्यावरच उलटला. नायगावच्या पोलीस क्वार्टर्समध्ये पहिला वाढदिवस होता. आई पोलिसात शिपाई, बंदोबस्तावरून तशीच युनिफॉर्ममध्ये आलेली, आणि बाप घरून काम करणारा. बापाला लस, डॉक्टर, पांघरूण, पांघरुणावरचे हत्तीसुद्धा पाठ. आईला एकही उत्तर येईना. मी मनात म्हटलं, आता बघू. नियम मोडावा तर काकीची अब्रू जाते, पाळावा तर समोर पोलीस.

"मॅडम, मी ह्याला नऊ महिने पोटात..." ती बाई सुरू झाली.

"ते झालं. लस कधी आहे?"

बाईचा चेहरा असा झाला की मी हळूच दाराकडे सरकले. पण काकी कसली डगमगते! म्हणाली, "तुम्ही मागे बंदोबस्ताला उभ्या राहा. अशा पाय फाकवून. असलं पोरगं आहे तर पहारा नको?" तो फोटो आमचा त्या वर्षातला सगळ्यात चांगला फोटो ठरला. बाप बाळाला कुशीत घेऊन बसलाय आणि मागे आई कमरेवर हात ठेवून अशी उभी आहे की यमसुद्धा दारातून परत जावा. त्या बाईने त्याची मोठी प्रिंट करून घेतली, आणि जाताना तिला लसीची तारीख तोंडपाठ होती.

दुसरा नियम जावयांचा. जावई कायम कडेला. एकवेळ सून मधे चालेल, भाडेकरू मधे चालेल, पण जावई कडेला. कोणी विचारलं तर काकी सांगायची, "उंच आहेत ना, फ्रेम बंद होते." आता गिरगावातल्या एका जुन्या घरात जावई सगळ्यांत बुटका निघाला, तर म्हणाली, "फ्रेम उघडी राहते." मला बरेच दिवस कळेना हा काय प्रकार आहे. एक दिवस त्याच गिरगावच्या घरातली मुलगी दुकानात आली. एकटीच होती. तिने फोटो पुढे ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हा... जरा छोटा करून मिळेल का?" काकीने एक शब्द विचारला नाही. फोटो माझ्याकडे दिला. मी कडेची पट्टी कापली. बाकी सगळे जिथल्या तिथे राहिले, कोणाचा कोपरसुद्धा गेला नाही. मुलगी फोटो बघून रडली आणि काकीने तिला लिमलेटची गोळी दिली.

ती गेल्यावर काकी म्हणाली, "माझ्या लग्नाच्या फोटोत तो मधोमध होता. कापायला गेले तर माझी आई जात होती. सगळाच फोटो टाकावा लागला." आणि लगेच मला म्हणाली, "बघतेस काय? ब्राइटनेस वाढव." तिच्या नवऱ्याबद्दल मी तिच्या तोंडून ऐकलेलं एवढंच. सई दोन वर्षांची असताना तो गेला, म्हणजे कुठेतरी निघून गेला, हे मला चाळीने सांगितलं.

सईला सासरच्यांच्या आणि माहेरच्यांच्या मदतीशिवाय वाढवताना काकीने बाहेरगावच्या ऑर्डरी पुष्कळ केल्या. चिपळूण, सावंतवाडी, कोल्हापूर, एसटीने, एकटीने, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग आणि पायाशी ट्रायपॉड. शेजारचा माणूस अंगावर रेलायला लागला की ती ट्रायपॉडचा एक पाय उघडून दोघांच्या मधे रोवायची आणि मोठ्याने, सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं विचारायची, "मुलगी कितवीत आहे तुमची?" माणूस खिडकीबाहेर बघायला लागायचा. मुलगी नसेल तर? असं मी विचारलं. "मग बहीण कितवीत आहे विचारायचं. कोणीतरी कितवीत असतंच."

त्यामुळे मुलींना बाहेर न सोडणाऱ्या आयांवर तिचा भारी राग. मुंबईच्या दमट हवेत लेन्स कपाटात पडून राहिली की तिच्या काचेवर बुरशी येते. एकदा आली की लेन्स गेली. हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं, आणि काकीने त्याचं प्रवचन केलं होतं. बाहेरगावच्या ऑर्डरीला मला न्यायचं म्हणून ती आमच्या नायगावच्या घरी आली आणि माझ्या आईसमोर जाकिटातून बुरशी आलेली एक लेन्सच काढून ठेवली. "वहिनी, ही बघा. रोज वापरली, धूळ खाल्ली, उन्हात नेली, तर टिकते. कुलपात जपून ठेवली की अशी होते. मुलीचंही तेच."

आई म्हणाली, "माझी मुलगी काय लेन्स आहे?"

"नाही. लेन्स महाग असते," काकी म्हणाली. का कोण जाणे, आईने परवानगी दिली.

हे प्रवचन तिने लालबाग-परळच्या किती घरांत केलं असेल याला गणती नाही. डोहाळजेवणाला सात महिन्यांच्या पोटाकडे बोट दाखवून करायची. "मुलगी झाली तर कपाटात ठेवू नका हं." ऐकून ऐकून सईलाही ते पाठ झालं होतं आणि तिथेच सगळी गोची झाली.

सई परळच्या एका टॉवरमध्ये नोकरीला होती. चोवीस वर्षांची, आईसारखीच ठसठशीत, बोलायला मात्र शांत. एका दुपारी जेवायला दुकानात आली आणि डबा उघडता उघडता म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात मी हंपीला जातेय. चार दिवस."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही. एकटी."

काकीने भाकरीचा तुकडा तोंडात घातला होता, तो बराच वेळ चावला. मग म्हणाली, "हंपीला दगड आहेत नुसते."

"तेच बघायचेत."

"दगड बघायला एवढ्या लांब? शिवडीच्या किल्ल्यात जा. मीपण येते."

"आई."

"माकडं आहेत तिथे. फोन पळवतात. फोन गेला तर कळवणार कशी? आणि ती नदी, ती टोपलीची होडी! टोपलीत बसायची काय गरज आहे तुला? आम्ही कधी बसलो टोपलीत?"

सईने सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं, ते काकीसमोर धरलं आणि म्हणाली, "आई, बघ. बुरशी लागायला लागलीय."

मला हसू आवरेना म्हणून मी प्रिंटरमागे वाकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींसाठी भांडलेली बाई, स्वतःच्या पोरीपुढे तिच्याकडे एक मुद्दा शिल्लक राहिला नव्हता. शेवटी तहावर आली. दर तासाला मेसेज. सई म्हणाली, दिवसातून दोनदा. काकी म्हणाली, बरं. आणि मग सईने डबा बंद करताना जे सांगितलं ते काकीच्या वर्मी बसलं.

"एक मात्र ऐक. मागे यायचं नाही. मी कॉलेजच्या ट्रिपला अलिबागला गेले तेव्हा तू धक्क्यावर 'सहज' भेटलीस. मी विसरले नाहीये. या वेळी आलीस ना, तर यापुढेही मी जाईन, पण सांगून जाणार नाही."

ती गेल्यावर काकी तसाच उष्टा हात घेऊन माझ्याकडे वळली. "ऐकलंस?" मला म्हणाली. "मुली जातात याची नाही गो भीती. सांगायच्या बंद होतात ना, त्याची आहे. मी माझ्या आईला सांगणं बंद केलं आणि मग लग्न करून मोकळी झाले. तिला पत्ताच नाही लागला मी कोणाच्या मागे चाललेय." तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मग जाऊ नकोस तिच्यामागे." "छे," काकी म्हणाली, "मी कशाला जाते?"

सई गुरुवारी संध्याकाळी गेली. शुक्रवारी सकाळी काकी दुकानात आली ती गळ्यात पिशवी अडकवून.

"मला बाहेरगावची ऑर्डर आलीय."

"कुठली?"

"कर्नाटक साइडची."

"कर्नाटकात कोणाचं बारसं?"

"असतात बारशी. कर्नाटकातसुद्धा मुलं जन्माला येतात."

"आणि कॅमेरा कुठाय?"

कॅमेरा तिने घेतला नव्हता. सई लांबूनसुद्धा ओळखेल म्हणून जाकीटही ठेवून गेली. त्याऐवजी पंजाबी ड्रेस, मोठा काळा गॉगल, तोंडाला ओढणी आणि डोक्यावर लालबागच्या फुटपाथवरून घेतलेली गोल टोपी. अशा वेषात ती चोर तरी दिसत होती नाहीतर नटी. मी सांगून पाहिलं, हात जोडले, शेवटी रागावलेसुद्धा. "गप रव गो," म्हणाली आणि गेली.

शनिवारी सकाळपासून माझ्या फोनवर कुजबुज सुरू झाली. "ती इडली खातेय." "एकटीच आहे." "बघ कशी बसलीय, पोक काढून. हजारदा सांगितलं." "आता सायकल घेतली भाड्याने. ब्रेक बघितला नाही!" मी म्हटलं, तू जेवलीस का? तर म्हणाली, "समोर माकड बसलंय, पिशवी उघडता येत नाही."

दुपारी सईचा फोटो आला. आमचा तिघींचा एक ग्रुप होता, त्यावर. देवळाच्या आवारातला तो दगडी रथ आणि पुढे सई, स्वतःच काढलेला, छान हसरा. मी बघितला, बरं वाटलं, आणि फोन खाली ठेवता ठेवता परत उचलला. मोठा करून बघितला.

सईच्या खांद्यामागे, रथाच्या बाजूला, पंधराएक माणसांचं एक कुटुंब रांगेत उभं होतं. आज्जी मधे बसवलेल्या, पोरं पुढे मांडी घालून. आणि त्यांच्यासमोर एक बुटकी बाई, ओढणी गळ्यात, गॉगल कपाळावर, दोन्ही हात पसरून, एका माणसाला दंडाला धरून कडेला नेत होती.

मी फोन लावला. "काकी, तू फोटोत आहेस."

"कुठल्या?"

"सईच्या. मागे."

मग म्हणाली, "कशी आलेय?"

"काकी!"

"अगं मी काय करू? सांगलीची माणसं गो. ती मुलगी मला म्हणाली, काकू, एक फोटो काढता का? फोन हातात दिला आणि सगळे कसे उभे होते माहितीय? आज्जी मागे! नव्वदीच्या आज्जी मागे आणि पुढे सगळी पुरुषमंडळी पोटं काढून! मी काय तसंच क्लिक करू?" तिने श्वास घेतला. "सईने बघितलं असेल?"

"फोटो तिनेच काढलाय."

"ही पोरं स्वतःचंच तोंड बघतात. मागे काय आहे कोण बघतं?" पण आवाजात जीव नव्हता.

थोड्या वेळाने सईचा फोन. "ताई, आई कुठाय?"

"ऑर्डरला गेलीय."

"कसली ऑर्डर?"

मी समोरच्या फोटोकडे बघितलं. खोटं बोलायची वेळच आली नाही. "मोठी फॅमिली आहे," म्हटलं.

"जावई कडेला घेतला का?" सई म्हणाली.

मी नुसतं हूं केलं. ती म्हणाली, "तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून." रागावली होती का, तर आवाजावरून मला काही अंदाज येईना. ते रागापेक्षा वाईट.

संध्याकाळी ग्रुपवर सईचा मेसेज आला: उद्या पहाटे मातंग टेकडीवर जाणार. चढ खडा आहे, पायऱ्या मोडक्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी येऊ नये.

लगेच काकीचा फोन. "बघ, सगळं सांगते हो माझी पोर. पायऱ्या मोडक्या आहेत हेसुद्धा सांगितलं." मग थांबली. "पण गुडघ्यांचं काय लिहिलंय हे? गुडघे कोणाचे दुखतात? तुझे?"

माझे नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं.

"कळलंय तिला," काकी म्हणाली. मग तिला रडूच कोसळलं. मी इतक्या वर्षांत तिला एकदाही तसं रडताना ऐकलं नव्हतं. "संपलं गो. आता नाही सांगायची ती मला काही. आता जाते, तिच्या खोलीवर जाते आणि माफी मागते."

"काकी, तू तिच्या खोलीवर जाऊन माफी मागितलीस, तर तू अजून तिच्या मागेच आहेस."

"मग काय करू?"

"घरी ये."

"उद्या टेकडी चढणार आहे ती! एकटी! अंधारात!"

"तिने कुठे जाणार ते सांगितलंय ना तुला? तू मागे आलेली कळल्यावरसुद्धा सांगितलंय."

तिने जोरात नाक ओढलं. मग फोन ठेवला. थोड्या वेळाने ग्रुपवर काकीचा मेसेज आला: ऑर्डर संपली. मी गाडीत बसले. त्यावर सईने नुसता अंगठा पाठवला. मला परत फोन. "अंगठा म्हणजे काय गो? बरं झालं गेलीस, की बघून घेईन?" मी म्हटलं, अंगठा म्हणजे अंगठा.

रविवारी ती बसमधून उतरून थेट दुकानात आली, त्याच ड्रेसमध्ये. टोपी बहुतेक माकडाने नेली असावी, मी विचारलं नाही. सईचा मेसेज नव्हता. पासपोर्ट फोटोसाठी माणसं आली. काकी एका गृहस्थांना सारखी सांगत होती, "चष्मा काढा, चष्मा काढा," आणि त्या गृहस्थांना चष्माच नव्हता. चहा आला, गार झाला. मी म्हटलं, "फोन कर तिला." "नाही," काकी म्हणाली. "दिवसातून दोनदा ठरलंय. तिने करायचं." एवढं बोलायला तिला किती कष्ट पडले ते मला दिसत होतं. खुंटीवरचं जाकीट ड्रेसवर चढवून, खिशात हात घालून ती तो चमचा दाबत बसली होती.

दुपार उलटायला आली तेव्हा फोन वाजला. फोटो होता. खाली लिहिलं होतं, पोचले, वर रेंज नव्हती.

फोटो कुणा अनोळखी माणसाने काढलेला. इतका वाईट फोटो आमच्या दुकानात कधी आला नसेल. क्षितिज तिरकं, सई एका बाजूला कललेली, पाय घोट्यातून कापलेले, आणि वरच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं गुलाबी बोट. आणि त्याच्यामधे सई हसत होती. केस तोंडावर आलेले, डोळे मिटलेले, हिरड्या दिसत होत्या. जन्मल्यापासून तिचा जवळजवळ प्रत्येक फोटो काकीने काढलेला, हनुवटी खाली, डावीकडे बघ, केस नीट कर. असं हसताना मी तिला बघितलंच नव्हतं. काकीनेही नसावं.

तिने टाइप केलं, कोणी काढला? ते पुसलं. मग लिहिलं, उतरताना पायऱ्या बघ. तेही पुसलं. शेवटी लिहिलं, छान. आणि पाठवलं. मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाली, "मोठी प्रिंट काढ. काचेत लावायचीय."

"क्षितिज सरळ करू?"

"हात लावू नको."

"बोट तरी काढते."

"हात लावू नको म्हटलं ना."

दुकानाच्या दर्शनी काचेत काकीचे सगळ्यात उत्तम फोटो असायचे. त्या सगळ्यांच्या मधोमध तिने तो लावला. मंगळवारी सई दुकानाच्या पायरीवर आली, काचेसमोर थांबली, आत आली आणि डबा उघडून म्हणाली, "डिसेंबरमध्ये मी राजस्थानला जाणार आहे." काकी म्हणाली, "बरं," आणि तिच्या ताटलीत एक भाकरी जास्त वाढली.

मी तिथे होते तोवर तो फोटो काचेतच होता. येणारा प्रत्येक जण थबकायचा, मान वाकडी करून बघायचा आणि आत येऊन काकीला सांगायचा, "मॅडम, तुमच्यासारख्या बाईच्या दुकानात हा फोटो? केवढा वाकडा आलाय."

काकी मान वर करायची आणि सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, असल्या ऐटीत की समोरच्याला वाटावं, हे बक्षीसच मिळालंय हिला.

"हो," ती म्हणायची. "मी नव्हते तिथे."